परतीचे आकडे

साहेब, खोटं तुम्ही बोललात, सॉफ्टवेअर नाही. "बिंदू पाण्यात पडला, म्हणजे सॉफ्टवेअरची चूक," असा शेरा मारून तुम्ही तलावातला शोध सुरू होण्याआधीच गुंडाळलात. बेपत्ता झालेला मोजणीदार तुमच्याच कामावर गेला होता; पाण्यातला तो बिंदू म्हणजे त्याने नोंदवलेली शेवटची जागा. त्याची धाकटी बहीण तुमच्याच कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर बसते. तिला सगळे आकडेवाली म्हणतात.

चुकीची शक्यता तिनेही धरली होती. दादाचं उपकरण जागा मीटरमध्ये सांगायचं. नकाशाला लागायचे अक्षांश-रेखांश. रूपांतर सॉफ्टवेअर करतं, पण प्रदेश नकाशाच्या कोणत्या उभ्या पट्ट्यातला हे आधी सांगावं लागतं. दादाने नेहमीसारखा शेजारचा पट्टा टाकला होता. "पट्टा तू बघ गं, नाहीतर तुला पगार कशाचा देतात?" हे त्याचं ठरलेलं.

तिने पट्टा दुरुस्त केला. दूरच्या डोंगरात भरकटलेले बिंदू निमूट आपापल्या विहिरींवर, वळणांवर, पुलावर जाऊन बसले. शेवटचा तेवढा तलावाच्या मधोमध. उंचीच्या रकान्यात तळाची उंची.

शेजारचा नकाशेवाला म्हणाला, "उलटं करून बघ. अंशांचे परत मीटर कर. गेला तस्सा परत आला, तर रूपांतर चोख."

तिने केलं. सगळे बिंदू केसाचाही फरक न पडता परतले. शेवटचा काठाकडे एक ढांग सरकून आला.

"दशांश खाल्ले असतील कुठे."

"एकट्याचेच?"

पुन्हा केलं. आणखी एक ढांग. नकाशेवाल्याच्या मशीनवरही तेच. त्याने खुर्ची हळूच मागे घेतली. "बंद कर ते, ताई."

"घरी येतोय तो," ती म्हणाली, आणि तिने तोच फेरा आपोआप चालू ठेवला.

बाहेर लख्ख दुपार होती. बिंदू काठाला लागला, बांधावर चढला. वळणावर शेतातून सरळ कापून गेला नाही, रस्त्यानेच वळला. दादाने जन्मात कुणाचं पीक तुडवलं नव्हतं.

गाव आलं. टेकडी आली. बिंदू दादाच्याच स्वयंपाकघरात येऊन थांबला.

तिने फोन लावला. "वहिनी, कुणी आलंय का घरी?"

"कोण येणार?" वहिनी म्हणाली. "फरशी तेवढी गार लागतेय गं. पाय ठेववत नाही."

तिने उंचीचा रकाना पाहिला.

तळाचीच उंची. टेकडी चढूनही तीच.

तुम्हाला कळवलं, तर तुम्ही म्हणालात, "बिंदू घरात आहे ना? मग माणूस पोचला. प्रकरण बंद."

आता सॉफ्टवेअर बरोबर, होय ना? मग उंचीही बरोबर धरा.

आकडेवालीने फेरा कधीच थांबवलाय. मशीनची वायर काढून ठेवलीय. पण नकाशेवाल्याच्या पडद्यावर उंचीचा आकडा आपला आपण वाढतोय. सावकाश, जिना चढल्यासारखा.

वहिनी स्वयंपाकघरात फरशीला कान लावून बसली आहे. तिचा प्रश्न एकच आहे, साहेब: दार उघडं ठेवू, की फरशी उखडू?

उत्तर द्या.