राजाराम पुलावरची खूण

परत तेच? मोबाईलमध्ये भुतं कमी पडली, म्हणून म्हाताऱ्याला जागं ठेवता होय? सांगतो. मधे कोणी बोललं, तर उठून जाईन.

आमच्या शेजारचा संपत. समुद्रात तेल काढतात त्या रिगवर क्रेन चालवायचा. एक दिवस क्रेनचा लोखंडी दोर तुटला. संपतचा गुडघा गेला. खाली उभं राहून हातानं खुणा करणारा उत्तरेश्वर जागीच गेला.

कंत्राटदाराचा माणूस पृथ्वीराज. त्यानं कागद काढला, उत्तरेश्वरनं चुकीची खूण केली म्हणून. सही कर, पैसे घे. साफ खोटं. उत्तरेश्वरनं दोन्ही हात आडवे पसरले होते, म्हणजे थांब. संपत थांबलाही होता. दोरच गंजलेला.

हेमा वकीलबाई म्हणाल्या, "अहो, दोर गंजला होता हे सांगणारे तुम्ही एकटेच. भरपाईचा दावा लावू. सही केलीत, तर तुमचाही दावा बुडेल आणि उत्तरेश्वरच्या बायकोचाही."

"किती वर्षं लागतील, बाई?"

"लागतील."

असला पाय घेऊन कोर्टाचे जिने कोण चढणार? संपत दमला होता. पृथ्वीराज सकाळी मुंबईला जाणार, म्हणून गेल्या जानेवारीत, भोगीच्या रात्री अकराला, माझी स्कूटर मागून तो बिबवेवाडीहून कर्वेनगरला त्याच्या घरी सही करायला निघाला.

राजाराम पुलावर चिटपाखरू नव्हतं. सही करायची आणि झोपायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. पुलाच्या मध्यावर कोणीतरी उभं होतं. नारिंगी कपडे. हेल्मेट. रस्त्याचं काम चाललं असेल...

त्या माणसानं दोन्ही हात आडवे पसरले.

संपतचा ब्रेक आपोआप दाबला गेला. रिगवर ती खूण कोणीही केली तरी थांबायचं असतं.

"उत्तरेश्वर...?"

संपतनं पाय टेकला.

"दमलोय रे मी..."

हात तसेच.

"बरं. नाही करत सही..."

हात खाली आले. पूल रिकामा.

संपतनं गाडी वळवली. गाडी जड झाली होती. मागचं चाक दबलेलं. आरशात त्यानं बघितलं नाही. आमच्या गल्लीत शिरला... आणि गाडी एकदम हलकी.

संपतनं दावा लावला. रडतखडत जातो तारखेला.

त्या रात्रीनंतर सकाळी मी गाडी पुसायला गेलो, तर मागच्या सीटवर पांढरा थर. माणूस बसला असेल तेवढाच. बोटानं चाखला. मीठ. धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी परत. अजून येतं. आणि संपतची सही मागायला आलेला तो पृथ्वीराज गल्लीभर सांगत सुटलाय, मीठ म्हाताऱ्यानंच फासलं म्हणून. माफी मागितली नाही अजून त्यानं.