नावडतीचा खरा शेवट

बॅग दाराशी उभी होती, डबा भरून झाला होता आणि रेवती जेवणाच्या टेबलाशी बसून नाडीपानाच्या पडद्यावर पुन्हा तेच पुस्तक वाचत होती. उजवा अंगठा पानाच्या कोपऱ्यातल्या करड्या ठिपक्यावर टेकलेला. साडेतीनच्या गाडीने ती सोलापूरला, नवऱ्याकडे परत निघाली होती. ओट्याशी उभी असलेली तिची मावशी मंदाकिनी खानापुरे राग आवरता आवरता तीच ती कढई तिसऱ्यांदा घासत होती.

चार महिन्यांपूर्वी ही पोरगी अंगावरच्या कपड्यांनिशी सांगलीला आली होती. नवरा पराग कामाला जाताना बाहेरून कडी घालून जायचा. मारायचा नाही हो, असं वर तीच सांगायची. फक्त कडी. रोज, दोन वर्षं. आणि आता म्हणे तो बदललाय.

"कुणी सांगितलं तुला, तो बदललाय म्हणून?"

"फोनवर रडला मावशी. आणि माणसं बदलतात की. तूच तर लिहिलंयस."

"मी? काय लिहिलंय मी?"

"असं काय करतेस? नावडती परत जाते ना शेवटी."

मंदाकिनीच्या हातातली घासणी तशीच राहिली.

जुन्या परीकथा आणि कहाण्या घ्यायच्या आणि त्यांच्या नव्या प्रेमकादंबऱ्या करायच्या, हे काम ती वीस वर्षं करत होती. 'नावडती' ही तिची एकोणिसावी. जुन्या कहाणीत नावडती राणी गोठ्यात राहते, उष्टं खाते, व्रत करते आणि राजा प्रसन्न झाला की मुकाट्याने पालखीत बसते. मंदाकिनीच्या कादंबरीत राजा पालखी घेऊन येतो, नावडती त्याचं सगळं ऐकून घेते आणि वेस ओलांडून निघून जाते. रेवती शेजारच्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडलेली असताना, तिच्यासाठीच, मंदाकिनीने ते पान सात वेळा लिहिलं होतं. तोंडाने सांगायला जमत नव्हतं म्हणून लिहिलं होतं.

तिने पुस्तक ओढून घेतलं. शेवटच्या प्रकरणात राजा ओक्साबोक्शी रडत होता. नावडती पदराने त्याचे डोळे पुसत होती. मग महाल, समया, आणि शेवटची ओळ: 'त्याने दाराला कडी घातली, आणि तो आवाज ऐकून तिला आयुष्यात पहिल्यांदाच सुरक्षित वाटलं.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाक्य तिच्याच वळणाचं होतं. तिच्या नावावर, तिच्या आवाजात कुणीतरी ही घाण लिहिली होती.

ती तशीच ओल्या हातांनी समोरच्या कुमुदताईंच्या दारात गेली; त्यांनीही 'नावडती' वाचली होती. शेवट काय झाला असं विचारताच कुमुदताई खूश झाल्या. "कित्ती गोड शेवट केलात हो. त्या वैद्याशी लग्न लावलंत तिचं. मी तर रडलेच."

वैद्य कादंबरीत एका पानापुरता येतो, काढा देतो आणि जातो. मंदाकिनीने जिन्यातूनच प्रकाशनसंस्थेला फोन लावला. संपादक निखिलेश आधी नेहमीसारखा लाघवी बोलला.

"अहो मॅडम, ही आशयजुळणी. नाडीपान अंगठ्यातून वाचकाची नाडी घेतं, घाम मोजतं, हे तुम्हाला माहीतच आहे."

"उजेड आणि अक्षरं कमीजास्त करायला. गोष्ट बदलायला नाही."

"नव्या करारात आहे ते, बाविसावं कलम. तुमची सही आहे. ती निघून जाते ना, तिथे सत्तर टक्के वाचकांची नाडी धडधडायला लागते. यंत्रणा समजते की हे नको झालंय. मग ती नाडी शांत होईपर्यंत दुसरी वाट देत राहते."

"धडधडणारच. घाबरतात त्या. घर सोडताना कुठली बाई घाबरत नाही?"

"भीती आणि नावड यातला फरक यंत्रणेला अजून ओळखता येत नाही. पण एकाही वाचकाची तक्रार नाही, मॅडम."

"तक्रार करणार कशी, गाढवा? प्रत्येकीला वाटतंय हे मीच लिहिलंय."

त्याने काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाला, "सोमवारच्या मीटिंगमध्ये मांडतो."

"सोमवारी? गाडी साडेतीनची आहे."

"कसली गाडी?"

तिने फोन कापला. अंगाचा नुसता तिळपापड होत होता, आणि त्यातला निम्मा राग त्या न वाचता केलेल्या सहीचा होता. घरात येऊन तिने कपाटातून कादंबरीची छापील प्रत काढली आणि तांदळाच्या डब्यातले मूठभर दाणे घेतले.

"हात पुढे कर."

"मावशी, रिक्षा येईल आता."

"येऊ दे. तुझी आई श्रावणात कहाणी सांगायची तेव्हा काय करायची?"

रेवतीने नाइलाजाने उजवा हात पुढे केला. कहाणी ऐकताना मुठीत तांदूळ धरायचे आणि कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, जागेवरून उठायचं नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तांदूळ मुठीत आले, अंगठा वर मिटला. मंदाकिनीने तिचं दुसरं मनगट धरलं आणि वाचायला लागली.

राजा आला, रडला. नावडती ऐकत राहिली. तिने पालखीकडे पाठ केली, तशी मंदाकिनीच्या बोटांखाली रेवतीची नाडी उसळली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. थांबावं, दोन वाक्यं गाळावीत, हिला जरा बरं वाटेल असं काहीतरी तोंडाला येईल ते सांगावं, असं मंदाकिनीच्या अगदी ओठांवर आलं. त्या यंत्राने हेच केलं होतं. तिने मनगट घट्ट धरलं आणि एकही शब्द न गाळता वाचत राहिली. नावडतीने वेस ओलांडली. मागे वळून पाहिलं नाही. पान संपलं.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला.

"पुढे?" रेवतीने विचारलं.

"पुढे काय? संपलं."

"वेशीबाहेर पडली. बरं. मग ती राहते कुठे? पोटाला काय खाते? कुणी विचारलं, बाई तुझा नवरा कुठंय, तर काय सांगते?" तिचा आवाज चढत गेला. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच कुणावर तरी चिडली होती. "परत गेली तर काय होतं ते त्या पुस्तकात तेरा पानं होतं, मावशी. तुझ्यात वेशीपुढे एक ओळ नाही."

मंदाकिनीने शेवटचं पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. सात वेळा लिहिताना तिला हे एकदाही सुचलं नव्हतं. बाई निघाली की आपलं काम झालं, असंच ती धरून चालली होती. तिला स्वतःचीच अशी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

हॉर्न पुन्हा वाजला. रेवतीने दाराशी उभ्या बॅगेकडे पाहिलं. मग घामाने ओल्या झालेल्या आपल्या मुठीकडे पाहिलं.

"कहाणी संपली का, मावशी? उघडू मूठ?"