स्वच्छ पाखरांचा पंचनामा

तेलाचा टँकर फुटला म्हणून आडबंदरात आता कुणी ऊर बडवत नसे. विमान येई, दुधट फवारा सोडी आणि नवव्या दिवशी समुद्र आरशासारखा लखलखे. फवाऱ्यात असे 'निर्मळी', म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला, खनिज तेल खाऊन जगणारा जिवाणू. तेल संपलं की तिनेही उपाशी मरावं, अशी योजना. दहाव्या दिवशी मंत्री वाळूवर बसून तळलेली सुरमई खात, फोटो निघत. आणि सोय झाली की माणूस सैल होतोच. त्या वर्षी तीन टँकर फुटले. एकाही कप्तानाची झोप मोडली नाही.

फक्त सुरय, ती मासे टिपणारी समुद्रपाखरं, बुडू लागली.

दुरपदी खवणेकर, वय सदुसष्ट, गावातल्या निम्म्या होड्यांना मुशीचं, म्हणजे शार्कच्या यकृताचं तेल पाजणारी बाई. रोज ओहोटीला ती मेलेली पाखरं गोळा करी. समोरच्या खडपावर, पाण्यातल्या खडकावर, त्यांची पिल्लं होती. आईबाप असेच बुडत राहिले तर ती चोच उघडी टाकून मरणार. गुरुवारी खबरदारीचा म्हणून चौथा फवारा ठरला होता. तो थांबवायचा तर पाखरांचे मृत्यू अनैसर्गिक म्हणून पंचनाम्यात लागायला हवे होते, आणि पंचनामा करणारे साळसकर भाऊसाहेब छापील रकान्याबाहेर मानसुद्धा वळवत नसत.

"अंगावर तेल, आहे की नाही? नाही. म्हणजे नैसर्गिक मृत्यू."

"समुद्राचा पाखरू समुद्रात बुडान मेला, ह्या नैसर्गिक? उद्या मासो बुडान मेलो म्हणून लिवशात, भावसाहेब!"

भाऊसाहेबांनी शिक्का मारला.

दुरपदी तशीच पत्र्याच्या शेडकडे गेली. तिथे कंपनीने डॉ. शाल्मली गद्रेला बसवलं होतं. निर्मळी घडवणाऱ्यांपैकी ती एक. दुरपदीने पांढरंशुभ्र पाखरू तिच्यासमोरच्या बादलीत टाकलं. ते फडक्यासारखं भिजलं आणि तळाला गेलं.

"सांग, डॉक्टरीणबाय. ह्याका काय झाला?"

"मावशी, पक्ष्याच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल तो चोचीने पिसांना लावतो. म्हणून पाणी आत शिरत नाही, अंगाची ऊब टिकते."

"आमी होडयेक मुशीचा तेल लावतो, तसा?"

"अगदी तसंच."

"माझी होडी चार दिस पाणी घेता."

शाल्मलीने पाखरू बाहेर काढून त्याची कोरडी ग्रंथी दाखवली. "निर्मळीने उपाशी मरायचं होतं. तिला दुसरं ताट सापडलं. जिवांच्या अंगातल्या तेलाचं."

"मगे लिव तसा वर!"

"लिहिलं. उत्तर आलं, पक्षी स्वच्छ आहेत, अभिनंदन."

दुरपदीचा आवाज चढला. "आदी पाखरा तेलान काळी होवन मरायची, तेवा सगळी दुनिया रडायची. आता पांढरी मरतत, धुवान-पुसान. तुमी समुद्र नाय धुतल्यात, बाय. पुरावो धुतल्यात!"

बुधवारी दुपारी तिने परसात डांबर तापवलं आणि एकेक मेलेलं पाखरू उजव्या हाताने माखलं. "जित्तेपणी कोणी ऐकूक नाय," ती त्यांना सांगत होती, "मेल्यार तरी ऐकतीत." शाल्मली वाटेने जाताना थबकली, सगळं समजली, आणि तशीच पुढे गेली. आपण काहीच पाहिलं नाही, एवढी एकच मदत तिच्या हातात होती.

गुरुवारी सकाळी साळसकर भाऊसाहेब खुलले. आहे, आहे, आहे. एकशे तेरा वेळा 'आहे'.

"आता फवारो थांबतलो मां?" दुरपदीने विचारलं.

"थांबेल कसा? तेल सापडलं ना! तेल सापडलं की मात्रा दुप्पट. नियमच आहे."

उत्तरेकडून दोन विमानं येत होती. खडपावरची पिल्लं आवाज ऐकून चोची वासत होती. त्यांना वाटलं, आई आली.

दुधट तुषार खाली उतरले. दुरपदीने डावा हात पुढे धरला. जन्मभर तेलात मुरलेला तो हात. त्यावर पाणी अळवावरच्यासारखं गडगडत जायचं. आज थेंब टेकला आणि आत जिरला. दोन्ही हातांच्या पेरांवर भेगा होत्या. कालपासून तिला वाटत होतं, डांबराने भाजलं असेल. पण डाव्या हाताला तर डांबर लागलंच नव्हतं.

"भावसाहेब, तुमच्या कागदार माणसांसाठी रकानो आसा?"

भाऊसाहेबांनी पानं उलटली. रकाना होता, तोच: अंगावर तेल, आहे की नाही. त्यांनी तिचा डावा तळवा उजेडात धरला, नीट निरखला, आणि लिहिलं: 'नाही.'