घेतली असेल तर एक दाबा

ही गोष्ट खरी आहे. कुणाला खोटी वाटली तर वाटू दे, मी शपथेवर सांगतो.

आणि ही रात्रीची नाही. जेवणं आटोपून माणसं जरा आडवी होतात ना... त्या भर दुपारची आहे.

आधी माझ्याबद्दल. मी आवाज रेकॉर्ड करतो. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी बाई, फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणून तुमचा जीव खाणारा बुवा, ही सगळी माझ्या घरी येऊन गेलेली माणसं. आवाजाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये काय आहे आणि काय नाही, हे मला झोपेतून उठवून विचारा. एक श्वास इकडचा तिकडे होणार नाही.

असं मी छाती ठोकून सांगायचो.

आता सांगत नाही.

माझी ताई एका मोठ्या हॉस्पिटलात, ट्रायल विभागात होती. नवी औषधं, नवे उपचार माणसांवर तपासून बघतात ना, तिथे. ताईचं काम म्हणजे त्यासाठी माणसं मिळवायची. जिन्यात, लिफ्टशेजारी, कँटीनच्या दारावर तिनं चिकटवलेले कागद असायचे... 'रक्तदाबाच्या अभ्यासासाठी स्वयंसेवक हवेत.' माणसं तो कागद नीट वाचायची आणि ताईला येऊन विचारायची, "संडास कुठंय?"

तरी तिनं माणसं जमवली.

अभ्यास साधा होता. बीपीची गोळी रोज घ्यायला लोक विसरतात. दुपारी फोन करून आठवण केली तर कमी विसरतात का, एवढंच बघायचं. अर्ध्यांना फोन करायचा, अर्ध्यांना नाही. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार. फोनसुद्धा मशीनच करणार. फक्त मशीनला आवाज पाहिजे होता.

"छोट्या, माझाच घे की," ताई म्हणाली. "घरचा आहे, नखरे करणार नाही."

माझा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. हसू नका. लोंबणाऱ्या कोटांत तोंड खुपसून बोललं की आवाज घुमत नाही. ताईला आत उभं केलं.

"नमस्कार. मी ट्रायल विभागातून बोलतेय. आजची गोळी घेतलीत का? घेतली असेल तर एक दाबा. नसेल तर दोन दाबा."

एक दाबलं की झालं, पुन्हा फोन उद्याच. दोन दाबलं की तासाभरानं परत फोन. हे लक्षात ठेवा.

'दोन दाबा' म्हणून झालं आणि वरचा जाड कोट हँगरसकट तिच्या डोक्यावर आला. ताई कपाटातूनच खो खो हसत ओरडली, "अरे छोट्या, कोट पडला डोक्यावर!"

ते मी कापून टाकलं. मूळ फाईलसुद्धा पुसली. उगाच जागा अडते.

त्यानंतर काही महिन्यांत ताई गेली.

कामावरच. टेबलाशी बसल्या बसल्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात असून उपयोग झाला नाही.

त्याआधी तिनं घरी फोन केला होता. डोकं फार दुखतंय, न्यायला या, म्हणून. भावजी पोहायला शिकवतात, ते तलावावर होते. त्यांचा मोबाईल तीनदा पाण्यात बुडाला, तेव्हापासून त्यांनी मोबाईलचा नादच सोडला होता. फोन उचलला ताईच्या सासूबाईंनी.

"तो तलावावर आहे गं. आला की सांगते."

आणि त्या विसरल्या. त्यांचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं.

भावजी घरी आले. अंघोळ केली, ओले टॉवेल वाळत घातले. मग हॉस्पिटलातून फोन आला.

बायको गेली हे तर होतंच. पण भावजींच्या घशात अडकलं होतं ते वेगळंच. "एकदा फोन उचलायचा होता रे मला," ते म्हणायचे. "नुसतं हॅलो म्हणायचं होतं."

ताईचा आवाज मात्र कामावर जातच राहिला. मी विभागात जाऊन विचारलं. मोठ्या डॉक्टरीणबाई अवघडल्या.

"अभ्यास चालू असताना आवाज बदलायचा तर समितीची परवानगी लागते."

"आणि गेलेल्या माणसाचा चालू ठेवायला?"

"त्याला नाही लागत."

आमच्या गल्लीतले शिंपीकाका त्या अभ्यासात होते, फोनवाल्या गटात. एका दुपारी मी पँटची उंची कमी करायला गेलो. पँट अंगावर, काका खाली बसून टाचण्या लावतायत. तोंडात टाचण्या धरूनच म्हणाले, "तुझ्या ताईच्या डोक्यावर कोट कसा काय पडला रे?"

"काय?"

त्यांनी टाचण्या काढल्या. "शेवटी हसते ना ती. इतकी हसते की आम्हालाही हसू येतं."

"काका, ते रेकॉर्डिंगमध्ये नाहीये. मी कापलंय."

"मग मी काय घरी बसून रचतोय? थांब. वेळ झालीच आहे तिची."

बाहेर रस्ता रिकामा. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही. पंखा तेवढा कुरकुरत होता...

फोन वाजला.

काकांनी स्पीकर लावला.

"नमस्कार. मी ट्रायल विभागातून बोलतेय..."

माझीच फाईल. श्वास अन् श्वास ओळखीचा.

"...नसेल तर दोन दाबा."

इथे संपतं. मीच कापलंय इथे.

संपलं नाही...

हँगर खणकला. जड कापड सरकल्याचा आवाज आला... आणि ताई हसली.

"अरे छोट्या..."

मी टाचण्यांसकट तिथून जो पळालो तो थेट घरी. उजव्या पायातल्या टाचण्या बायकोनं काढल्या, डाव्या पायातल्या कंपाउंडरनं.

दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन मशीनमधली फाईल हेडफोन लावून ऐकली. पुन्हा ऐकली.

हसणं नव्हतं. कोट नव्हता. काही नव्हतं.

भावजींना सांगितल्यावाचून राहवेना. मला वाटलं, आता एक तर रडतील नाहीतर मला बडवतील. ते उठले आणि चपला शोधायला लागले.

"कुठे निघालात?"

"नाव घालायला. फोन ट्रायलमधल्या माणसांनाच येतो ना? मग झालं तर."

अडचण एकच होती. भावजींचं बीपी. उभा जन्म पाण्यात गेलेला माणूस. नर्सनं मशीन लावलं आणि शेजारच्या नर्सला बोलावून आकडा दाखवला. "असं बीपी पुस्तकातच बघितलं होतं," ती म्हणाली. "घरी जा, काका. तुम्हाला काही झालेलं नाही."

"वाढवून आणतो," भावजी म्हणाले.

मग सुरू झाली तालीम. हॉस्पिटलचे सगळे जिने धावत चढले... नर्स म्हणाली, "छान, असेच चढत जा." मूठभर मीठ खाल्लं... ते ओकून पडलं. शेवटी मला म्हणाले, "तू मला चिडव. मेहुणा आहेस, तुला जमेल."

मी मनापासून बोललो. "तुमच्या त्या शिट्टीला तलावातले बेडूकसुद्धा भीक घालत नाहीत," इथपासून सुरुवात करून पार त्यांच्या खानदानापर्यंत गेलो.

त्यांना हसू आवरेना. बीपी आणखी खाली गेलं.

आणि मग एका दुपारी बाहेर गर्दी होती म्हणून नर्सनं त्यांना आतल्या खोलीत बसवलं. ताईच्या खोलीत. ताईच्या खुर्चीत.

खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर अजून तसाच होता. कुणी उचलला नव्हता. एका बाहीचं टोक उसवलेलं. ते शिवून दे, शिवून दे म्हणून ती शिंपीकाकांच्या मागे लागायची आणि स्वेटर न्यायला विसरायची. भावजींनी ते टोक नुसतं चिमटीत धरलं.

दंडावरचा पट्टा फुगला... फुगत गेला...

नर्सनं आकडा बघितला आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. पुन्हा घेतलं. तेवढंच. पुढच्या आठवड्यात, त्याच खुर्चीत, पुन्हा तेवढंच.

"घ्या यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भावजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही पदक मिळालंय.

कॉम्प्युटरनं त्यांचा गट काढला.

फोन न करायचा गट.

"बाई, मला त्या दुसऱ्या गटात टाका," भावजी हात जोडून म्हणाले. "चुकून झालं म्हणा."

"असं केलं तर अभ्यासाला अर्थच राहत नाही हो. तुमची बायको असती ना इथे, तिनंच तुम्हाला दारातून परत पाठवलं असतं."

ते खरंच होतं. ताई नियमाची भलती पक्की. तिच्या स्वतःच्या लग्नात मी जेवणाच्या रांगेत मध्येच घुसलो, तर नवरीच्या साडीत येऊन तिनं मला कान धरून मागे उभं केलं होतं.

भावजींना गोळ्यांचा डबा मिळाला. त्यांनी त्यातली एकही घेतली नाही.

"तिला कळेल," ते म्हणायचे. "कळलं की चिडेल. चिडली की फोन करेल."

तलावावरची दुपारची शिकवणी सोडून ते घरातल्या फोनपाशी बसायला लागले. गळ्यात शिट्टी तशीच. फोन वाजायचा नाही. कधी वाजलाच तर इतक्या जोरात झडप घालायचे की पलीकडचा माणूस आधी माफी मागायचा.

तिकडे फोनवाल्या गटात वेगळीच मजा. दोन दाबलं की तासाभरानं ताई परत येते, हा शोध शिंपीकाकांनी लावला आणि सगळ्यांना सांगितला. गोळी घेऊन, वर पाणी पिऊन, माणसं खुशाल दोन दाबायची. कारण ताई आता गोळीवर थांबत नव्हती. पायाची सूज उतरली का? नातीचं पत्र आलं का? काल कशाला रडत होतात? एकट्या राहणाऱ्या एक रिटायर्ड मास्तरीणबाई तर दुपारभर दोनच दाबत बसायच्या. त्यांना दिवसभरात दुसरं कुणी काही विचारायचं नाही.

परिणाम काय? आठवण केली की माणसं गोळी घेतच नाहीत, असा निकाल यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा बदलून बघितला. निकाल तोच.

मी शिंपीकाकांना एकदा म्हटलं, "काका, तिला विचारा ना." मला स्वतःला हिंमत नव्हती. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. काकांनी फोन घेतला, स्पीकर लावला.

"बाई गं, आमचं राहू दे. तुझा नवरा रोज फोनपाशी बसून असतो. त्याला एक फोन कर की."

पलीकडे काही नाही...

पंखासुद्धा ऐकू येईना...

मग ताई बोलली. हसत नव्हती.

"काका... त्या गटाला फोन करायचा नसतो."

आणि लाईन बंद.

हे भावजींना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी फोनकडे बघितलं. मग मोठ्यानं हसले.

"तीच आहे रे," म्हणाले. "दुसरं कुणी असतं तर केला असता."

आणि तसेच हसता हसता तोंडावर टॉवेल धरून बसले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

अखेर अभ्यास बंद केला. असल्या निकालाचं करायचं काय, हे समितीलाही कळेना. फोनचं मशीन काढलं. मी स्वतः बघितलं. वायर गुंडाळून कपाटावर ठेवून दिलंय. अजून तिथेच आहे. मी अधूनमधून काहीतरी निमित्त काढून जातो आणि वायर बघून येतो. का, ते मला विचारू नका.

सगळ्यांनी उरलेल्या गोळ्या परत आणून द्यायच्या होत्या. भावजी त्या दुपारी डबा घेऊन निघाले. मी म्हटलं, मी देतो. "नको. ज्याचा त्यानंच द्यायचा, नियम आहे," म्हणाले. "ती ओरडेल."

सासूबाईंनी मला तेवढ्यात बल्ब बदलायला लावलं. मी स्टुलावर. दोन्ही हात वर. घरात शांतता. आतल्या फ्रिजची घरघर अचानक थांबली...

फोन वाजला.

अभ्यास संपला होता. म्हणजे आता गटही नव्हते. म्हणजे आता कुणालाही फोन करायला ती मोकळी होती...

हे माझ्या टाळक्यात शिरेपर्यंत सासूबाई फोनपाशी पोचल्या होत्या.

"मावशी, ठेवू नका! मी आलो!"

घाईत स्टूल सरकलं. बल्ब आधी पडला, मग मी. कमरेतून अशी कळ गेली की उठता येईना.

"हॅलो... हां, बोल गं," सासूबाई म्हणत होत्या. "तो ना? तो तलावावर आहे. आला की सांगते..."

मी फरशीवरून सरपटत निघालो. त्यांनी कान देऊन आणखी थोडं ऐकलं. मान डोलावली. चष्मा वर करून एक बटण शोधलं, दाबलं. फोन ठेवला.

दारात भावजी उभे होते. रिकाम्या हातांनी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फुटक्या बल्बकडे बघितलं, मग फोनकडे.

"आई, कुणाचा फोन?"

"सूनबाईचा. तू गोळी घेतलीस का विचारत होती. किती दमलेला आवाज रे तिचा. म्हटलं, कशाला तिच्या जिवाला घोर."

भावजी हळूच खाली बसले, आईच्या पायाशी.

"काय दाबलंस, आई?"

"एक."