देव्हाऱ्यातला समुद्र

श्रावणात आलेल्या योगिनीच्या पत्राला गेणूनं दिवाळी उलटली तरी उत्तर दिलं नव्हतं. विसरला होता असं नाही. पत्र तर पाठ झालं होतं. उत्तराचे नऊ कागद मात्र त्यानं फाडले होते. एकात ‘प्रिय’ जास्त वाटलं, दुसऱ्यात ‘स. न. वि. वि.’ फारच कोरडं...

दोघांची गाठ पडली ती गेल्या वर्षी जळोचीत, शेजारच्या साखरबाईंच्या अंगणात, तुळशीच्या लग्नात. नवरदेव गेणूच्या देव्हाऱ्यातला, काळाभोर शाळिग्राम. साखरबाईंची सणसरची भाची योगिनी पुण्यात भूशास्त्र शिकत होती. तिनं ताटातला नवरदेव अलगद उचलला, समईपाशी नेला आणि आतली वेटोळी गेणूला दाखवली.

“हा समुद्रातला आहे, गेणूराव. ठाऊक होतं?”

मग हळू आवाजात तिनं सांगितलं, की हा शंखातला जीव वाढला की पुढं नवी खोली बांधायचा आणि मागची बंद करायचा. आज जिथं हिमालय आहे तिथं कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता, हे तिथं सापडणाऱ्या अशा शंखांवरूनच कळलं. गेणू ऐकत होता... खरं तर तिच्या बोटांना लागलेली हळद बघत होता.

तो बारामतीत कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. इंदापूरकडच्या डाळजला नदीकाठी मिळालेला एक शिंपला त्यानं तिथल्या काचेच्या कपाटात ठेवला होता. खाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी – ‘इंदापूरचा प्राचीन समुद्र’. दुसऱ्या दिवशी त्यानं तो मोठ्या ऐटीत तिला दाखवला. तिनं ओठ दाबून हसू आवरलं.

“हा नदीतला. गेल्या उन्हाळ्यातलाच असेल. आपल्याकडं सगळा लाव्हाचा दगड... समुद्र हवा तर देव्हाऱ्यात बघा.”

“चिठ्ठी काढू?”

“पुढच्या खेपेला बघते, काढलीत का ते.”

ती पाच वेळा आली. पाचही वेळा चिठ्ठी तिथंच होती. काढली तर ती कशाला येईल?

आणि मग ते पत्र – यंदा आमच्या तुळशीसाठी शाळिग्राम घेऊन सणसरला याल का? आणि आल्यावर माझ्या आबांशी बोलाल का? ज्याला नदीचा शिंपला ओळखता येत नाही, त्याच्यात हिनं काय पाहिलं, हेच गेणूला कळेना.

तुळशीच्या लग्नाला चार दिवस उरले, तेव्हा साखरबाईंनी त्याला कुंपणापाशी गाठलं.

“लगीन लागलं की आबा इंदापूरचं स्थळ पक्कं करणार हाय. पोरगी रोज पोस्टमनला इचारती. तू काय त्या शिंपल्यागत मिटूनच बसणार व्हय?”

गेणू सायकलवरून तडक ग्रंथालयात गेला. कपाट उघडून चिठ्ठी काढली आणि तिच्याच पाठीवर, एकही शब्द न खोडता, लिहिलं –

‘शिंपला नदीचाच. चिठ्ठी काढली, ती हीच. शंखातला तो जीव शेवटच्या खोलीतही एकटाच राहिला. मला तसं राहायचं नाही. द्वादशीला नवरदेव घेऊन येतो. आबांशी मीच बोलतो.’

पोस्टाच्या पेटीपाशी त्यानं चिठ्ठी पाकिटात घालून ते चिकटवलं... आणि मग पाकीट आत पडल्याचा हलका आवाज झाला.