तक्तपोशीचा निखळलेला खण

दिवा बारीकच राहू दे. आणि मधे कुणी बोलू नका. माझ्या ओळखीच्या एका सुताराची गोष्ट आहे. मला सांगताना त्यानं एकदाही मान वर केली नाही.

एका वकिलांच्या दिवाणखान्याचं छत दुरुस्तीला निघालं होतं. साधं सपाट छत नव्हे. आडव्याउभ्या लाकडी पट्ट्या, मधे खोल चौकोनी खण, खणाखणात कोरीव फूल. जुने कारागीर याला तक्तपोशी म्हणत. ती या सुताराच्या थोरल्या भावानं केलेली, आणि ती करतानाच तो परांचीवरून पडून गेला. "प्यायला असेल," लोक म्हणाले. खरं तर परांचीची दोरी यानं बांधायची होती. चढण्याआधी भावानं विचारलं, तेव्हा न बांधताच हा "हो" म्हणाला होता. पुढे लोकांचं बोलणंही गुपचूप ऐकून घेतलं.

आता त्यातला एक खण निखळला होता. काम नाकारावं तर कारण काय सांगणार? म्हणून गेला. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. रविवारी वकिलांकडे पाहुणे यायचे, म्हणून रात्रीच काम. घर झोपलं होतं. हा परांचीवर उताणा पडून नवी फळी खणात बसवून बघत होता.

तोंडावर भुसा पडला.

त्यानं डोळे पुसले. पुन्हा पडला. ताजा. नुकत्याच कापलेल्या सागाचा वास...

मग त्या काळ्या चौकोनातून, अगदी कानाशी...

"दोरी बांधलीस ना रे?"

हा गारठला.

"बांधलीस ना?" आवाजात राग नव्हता. नेहमीची माया होती.

"नाही, दादा..."



फळी हातातून निसटून खाली आदळली. हा कसा उतरला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. अनवाणी पळत वहिनीचं दार गाठलं आणि सगळं ओकून टाकलं.

वहिनीनं दाराची कडी धरली. मग म्हणाली, "माझी पोरं दारुड्याची पोरं म्हणवून घेत मोठी झाली, भाऊजी. त्यांचा हात धरून शाळेत तुम्हीच सोडायचात ना?"

दार लागलं. ते त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही.

सकाळी तो हत्यारं आणायला गेला, तर फळी खणात चपखल बसलेली. खालून एकही खिळा नाही. चारही कोपऱ्यांत खिळ्यांची टोकं तेवढी खाली आलेली. म्हणजे ठोकले होते वरून.

आणि वर, स्लॅबपर्यंत जागा किती? हा माझा पंजा बघा... आडवा धरला, तर एवढीच.