चौथी नळी

मी चंदगडचा. गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत चौदा वर्षं वेल्डिंग करतो. लोखंड का वाकतं ते मला कळतं, म्हणून हे सांगतोय.

संजनामॅडम इथल्या, पेडण्याच्याच, शिल्पं करतात. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी बारा बंदुकांच्या नळ्या आमच्या शेडमध्ये आणल्या. रानडुकरांसाठी शेतकऱ्यांकडे असायच्या तसल्या, ठासणीच्या. परवाने सोडून दिलेल्या लोकांनी दिलेल्या आणि रीतसर निकामी केलेल्या. गोल पत्र्यावर बाराही नळ्या उभ्या, तोंडं आभाळाकडे. बांबूचं बेट वाटावं असं शिल्प, हळर्णच्या किल्ल्यातल्या प्रदर्शनासाठी.

मी ओळंबा लावून एकेक नळी अगदी सरळ उभी जोडली. जेवून आलो तर चौथी कलली होती.

वेल्ड थंड होताना ओढतो, त्यात नवल नाही. मी ती तापवून सरळ केली. सकाळी पुन्हा कललेली. बुडाला पट्टी मारली, तरी कलली. जोडाला चीर नव्हती, पट्टीचा रंगही उडाला नव्हता.

मग मी पत्रा अर्धा फिरवून ठेवला. दुसऱ्या दिवशी नळी पत्र्याच्या उलट्या बाजूला कलली होती. म्हणजे शेडमधली तिची दिशा तीच राहिली होती.

"तिकडे काय आहे?" मी विचारलं.

मॅडमनी फोनवर नकाशा उघडला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हळर्ण."

"ही कुणाची बंदूक?"

"हळर्णच्याच दत्तप्रसादबाबांची. सगळ्यांत आधी त्यांनीच दिली. उद्घाटनाला तेच पाहुणे."

हळर्णात शिल्प बसवायला गेलो तेव्हा शेवंतीबाई भेटल्या. किल्ल्याची झाडलोट त्या करत होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान कृष्णनाथ चौघांबरोबर पारधीला गेले आणि त्यांचं प्रेतच परत आलं. दारूच्या नशेत स्वतःच्याच बंदुकीचा बार उडाला, असं सोबत्यांनी सांगितलं. गावानं ते मानलं. दोन मुलींची लग्नं जुळवताना तेच पुढे आलं.

"तो दारू पित नाशिल्लो," त्या मला म्हणाल्या. झाडू थांबला नाही. "कोणाक सांगू?"

उद्घाटन सकाळी दहाला होतं. नऊ वाजता मी ओळंबा धरला, बाराही नळ्या सरळ. साडेनऊला दत्तप्रसादबाब आले, पांढरा सदरा, हातात काठी, आणि पुढच्या रांगेत बसले. मी वळून पाहिलं. चौथी नळी त्यांच्या छातीकडे रोखलेली होती.

हलताना मला दिसली नाही. कुणालाच दिसली नाही.

ते उठून दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर गेले. माझी नजर त्यांच्यावरच होती. मान वळवली तेव्हा नळीही वळलेली होती.

आता लोकही बघू लागले. ते मंडपाच्या खांबाआड उभे राहिले. नळी खांबाकडे.



ते बाहेर आले. चेहऱ्यावर घाम होता.

"शेवंती," ते म्हणाले, "बार माझो. कृष्णनाथाची बंदूक खांद्यारच आशिल्ली. दारूचं आमी मागीर ठरयलं."

शेवंतीबाई सगळ्यांत मागे उभ्या होत्या. पदर खोचून त्या चालत पुढे आल्या. वाट आपोआप झाली. त्यांनी स्टॅन्डवरचा माइक काढला आणि दत्तप्रसादबाबांपुढे धरला.

"हांगा सांगा, दत्तप्रसादबाब. पाठल्यांक आयकूंक येवंक ना."

त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, उरलेल्या तिघांच्या नावांसकट. भोंग्यातून ते नदीपलीकडेही गेलं असेल.

पहिली टाळी एका म्हाताऱ्या बाईनं वाजवली. मग सगळा मंडप उभा राहिला. शेवंतीबाईंच्या दोन्ही मुली धावत येऊन आईच्या गळ्यात पडल्या. त्या मात्र रडल्या नाहीत. एवढी ताठ मान मी कुणाची पाहिलेली नाही. बंदोबस्तावरचे पोलीस दत्तप्रसादबाबांना घेऊन गेल्यावर मॅडमनी काडेपेटी शेवंतीबाईंच्या हातात दिली आणि समई त्यांनीच लावली. ज्यांनी त्यांना इतकी वर्षं मान वळवून टाळलं होतं, ते रांगेनं पाया पडायला आले.

दुपारी गर्दी पांगली. मी पुन्हा ओळंबा लावला. चौथी नळी अगदी सरळ होती.

शेवंतीबाई जवळ आल्या. खुर्चीवर चढून त्यांनी नळीच्या तोंडाला कान लावला. आत रिकामं लोखंड होतं, बूड मी स्वतः बंद केलं होतं.

"होय," त्या हळूच म्हणाल्या. "दोगींय बऱ्या आसात." थोडं थांबून त्या हसल्या, समोरचा काही गमतीचं बोलल्यावर हसतात तशा.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"राजेशभाऊ, तुमच्या हाताचो फोड बरो जालो काय, तो विचारता."

चौथी नळी तापवताना माझा तळवा भाजला होता. ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तो हात सकाळपासून खिशात होता.